वरून धूर कसा दिसतो आणि धूळ कशी

उपग्रहाची चित्रं नव्याने बघायला लागलेला माणूस हमखास अडतो तो एका पांढरट पट्ट्यापाशी. हा ढग आहे, धूर आहे की धूळ? मीही सुरुवातीला तिथेच अडलो होतो. चित्र आणखी मोठं करून, डोळे ताणून बघितलं की उत्तर सापडेल, असं मला बरेच दिवस वाटायचं. तसं ते सापडत नाही. तोच तुकडा वेगळ्या प्रकाशात, म्हणजे वेगळ्या तरंगलांबीत बघितला की मग सापडतं. धूर एका प्रकाशात ठसठशीत दिसतो आणि दुसऱ्यात साफ नाहीसा होतो. धूळ त्या दुसऱ्या प्रकाशातही तग धरते. असं का होतं हे एकदा कळलं की या चित्रांची अर्धी भाषा आलीच म्हणायची.

सुरुवात काडेपेटीतल्या काडीपासून करू. एक काडी पेटवा आणि फुंकून विझवा. टोकातून धुराची बारीक रेघ वर जाईल. तिच्यामागे काळं कापड असेल तर ती निळसर दिसेल. तीच रेघ उजेडाच्या खिडकीसमोर आली की पिवळट, तपकिरी वाटेल. धूर तोच, कणही तेच. पहिल्या वेळी आपण धुराने आजूबाजूला उधळलेला प्रकाश बघतो, आणि इतके बारीक कण निळा प्रकाश जास्त उधळतात. दुसऱ्या वेळी आपण धुरातून आरपार आलेला प्रकाश बघतो, आणि त्यातला निळा वाटेतच उधळून गेलेला असतो.

७ जून २०२३ला न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं तेव्हा शहरातली माणसं खिडकीसमोरची काडी बघत होती. सूर्य आणि डोळा यांच्या मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या वणव्यांचा धूर आला होता. उपग्रह त्याच धुराकडे वरून, गडद जंगलं आणि समुद्र मागे ठेवून बघत होता, म्हणजे काळ्या कापडासमोरची काडी. त्याला दिसत होती फिकट करडी चादर. त्यामुळे जमिनीवरचा फोटो आणि वरचं चित्र रंगाने जुळत नाही म्हणून कुणी गोंधळून जाऊ नये. दोन्ही खरी असतात. तोच धूर पांढऱ्याशुभ्र ढगावरून सरकला तर उपग्रहालाही तो तपकिरी डागासारखा दिसतो, कारण आता मागचं कापड पांढरं झालेलं असतं.

लाट आणि काठी

समुद्रात उथळ पाण्यात एक बारीक काठी रोवलेली आहे असं समजा. लांब लाट आली तर ती काठीला जुमानत नाही, तशीच पुढे जाते. तीच लाट मोठ्या खडकावर आली तर फुटते. प्रकाशाचंही थोडंफार असंच आहे. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान असेल तर प्रकाश त्याच्या अडथळ्याविना निघून जातो. दोघांचा आकार जवळपास सारखा असेल तर मात्र चांगलीच गाठ पडते.

आता आकडे घेऊ. वणव्याच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षा बरेच लहान असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४७ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे धुराच्या कणाच्या तोडीची. म्हणून निळ्या चॅनेलमध्ये, म्हणजे उपग्रहाचा कॅमेरा तरंगलांबीच्या ज्या एकेका पट्ट्यात चित्र घेतो त्यातल्या निळ्या पट्ट्यात, धूर छान उठतो. तांबड्यात, ०.६४ मायक्रॉनला, तो थोडा विरळ होतो. २.२ मायक्रॉनच्या चॅनेलवर गेलात तर धुराची चादर कुणी ओढून घ्यावी तशी नाहीशी होते आणि खालची जमीन, जळालेला काळा भाग, पेटलेली धार, सगळं उघडं पडतं. अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात १० ते १२ मायक्रॉनला तर साधा धूर जवळजवळ नसल्यासारखाच.

वाऱ्याने उडून लांबवर जाणारी धूळ मात्र साधारण एक ते दहा मायक्रॉनची, उगमाजवळ त्याहूनही जाड. अवरक्त लहरींशी तिचा सामना बरोबरीचा होतो, म्हणून ती तिथेही दिसते.

एखाद्या दुपारी निळ्या आणि २.२ मायक्रॉनच्या चॅनेलची चित्रं एकापाठोपाठ एक, पुढेमागे बदलत बघा. पट्टा दोन्हीकडे तसाच राहिला तर तो बहुधा पाण्याच्या थेंबांचा ढग. दुसऱ्या चित्रात गेला, तर धूर. शंभर परिच्छेद वाचण्यापेक्षा ही पाच मिनिटं जास्त शिकवतात. एक अपवाद लक्षात ठेवायचा: फार मोठ्या वणव्याची उष्णता इतकी जोरात वर चढते की तिच्या माथ्यावर गडगडाटी ढगच तयार होतो, पायरोक्युम्युलोनिम्बस नावाचा. त्यात बर्फ असतो, त्यामुळे तो अवरक्तातही थंडगार पांढरा दिसतो. तिथे धूर आणि ढग एकमेकांत मिसळलेले असतात, आणि 'हा की तो' हा प्रश्नच चुकीचा ठरतो.

उन्हाचा कोन

साध्या डोळ्यांना दिसतं तसं रंगीत चित्र सगळ्यांना आवडतं, मलाही. पण 'खऱ्या रंगाचं' म्हणून जे दाखवतात ते बहुतेकदा जुळवून आणलेलं असतं. अमेरिकेच्या गोज मालिकेतल्या उपग्रहांवरच्या कॅमेऱ्याला १६ चॅनेल आहेत, पण त्यात हिरवा नाहीच. जवळच्या अवरक्त चॅनेलमध्ये झाडोरा खूप चमकतो, त्याची मदत घेऊन हिरवा रंग गणिताने तयार करतात. जपानच्या हिमावारी-८ आणि ९ वर मात्र खराखुरा हिरवा चॅनेल आहे.

दिसणाऱ्या प्रकाशातल्या चित्रात धूर ओळखायची सगळ्यात चांगली वेळ कुठली? सकाळचं आणि संध्याकाळचं तिरपं ऊन. अंधाऱ्या खोलीत कवडसा पडला की हवेतले कण कधी दिसतात ते आठवा. कवडशाला पाठ करून उभं राहिलं तर फारसं काही दिसत नाही. उजेडाच्या दिशेने तोंड केलं की हवेत कणच कण तरंगताना दिसतात. बारीक कण प्रकाश जास्त करून पुढच्या दिशेला उधळतात, म्हणून. उपग्रहाचंही तसंच. गोज-पूर्व हा उपग्रह पश्चिम रेखांश ७५च्या आसपास विषुववृत्तावर टांगल्यासारखा स्थिर असतो. अमेरिकेत संध्याकाळ झाली, सूर्य पश्चिमेला कलला, की सूर्य एका बाजूला आणि उपग्रह दुसऱ्या बाजूला, मध्ये धूर. मग दुपारी ज्याचा मागमूस नव्हता तो पातळ धूरही चित्रात भरून येतो.

इथे चांगल्या चांगल्यांची फसगत होते. दुपारी चित्रात धूर विरळ होता, संध्याकाळी दाट झाला, म्हणजे वणवा वाढला, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. धूर तेवढाच असू शकतो, फक्त ऊन फिरलेलं असतं. दाट की विरळ हे ठरवायचं तर आदल्या दिवशी त्याच वेळेचं चित्र शेजारी ठेवायला हवं.

आणि एकच चित्र बघून थांबू नये. असे एकाच जागेवर टांगल्यासारखे भूस्थिर उपग्रह पृथ्वीची संपूर्ण दिसणारी बाजू दर दहा मिनिटांनी टिपतात. ती चित्रं ओळीने चालवली की डोळ्याला जे चित्रात दिसत नव्हतं ते हालचालीत दिसतं. जमीन जागेवर असते, ढग उगवतात, फुगतात, विरतात. धूर मात्र एका ठरावीक बिंदूतून सतत ओघळत राहतो आणि वाऱ्याबरोबर गुळगुळीत, रेशमी पसरतो. ढगाला खडबडीत पोत असतो, कडा असते. धुराला कडा क्वचितच असते. मी तर आधी फिरती चित्रंच उघडतो, चॅनेल वगैरे नंतर.

आग कशी सापडते

धूर दिसला तरी त्याचा उगम शोधायला दुसरी युक्ती लागते, आणि मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते.

भूस्थिर उपग्रहाच्या अवरक्त चित्रातला एक ठिपका, म्हणजे एक पिक्सेल, उपग्रहाच्या बरोबर खाली दोन किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद असतो. चार चौरस किलोमीटर, म्हणजे ४०० हेक्टर. समजा त्यात फक्त ०.४ हेक्टर पेटलंय. हजारातला एक भाग. इतक्या मोठ्या ठिपक्यात ते उपग्रहाला ३६ हजार किलोमीटरवरून जाणवावं कसं?

हिशोब करून बघू. जमीन २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्विनला आहे. ज्वाळा साधारण १००० केल्विनला. ११ मायक्रॉनच्या चॅनेलमध्ये ज्वाळा त्याच क्षेत्रफळाच्या जमिनीपेक्षा सुमारे २९ पट जास्त तेज फेकते. तिचा वाटा हजारातला एक, म्हणून संपूर्ण ठिपक्याचं तेज जेमतेम तीन टक्क्यांनी वाढतं. ढगाची सावली पडली तरी इतका फरक होतो, त्यामुळे त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आता तोच ठिपका ३.९ मायक्रॉनमध्ये बघा. इथे ज्वाळा जमिनीपेक्षा सुमारे ५६०० पट तेज फेकते. हजारातला एक भाग असूनही ठिपक्याचं एकूण तेज साडेसहा पटींच्या वर जातं. एक चॅनेल म्हणतो काही झालं नाही, दुसरा ओरडतो. दोघांच्या म्हणण्यातली ही तफावत हीच आगीची खूण.

ध्रुवीय कक्षेतले उपग्रह खूप खालून, सातशे ते साडेआठशे किलोमीटरवरून जातात. त्यांचे ठिपके लहान असतात. १९९९ साली सोडलेल्या टेरा आणि २००२ सालच्या अ‍ॅक्वा या नासाच्या उपग्रहांवरचं मोडिस हे उपकरण आग शोधतं ते एक किलोमीटरच्या ठिपक्यात. २०११च्या सुओमी एनपीपीवर आणि त्यानंतरच्या नोआ-२०, नोआ-२१ वर व्हिअर्स नावाचं उपकरण आहे, त्याचा ठिपका ३७५ मीटरचा. बारीक आग त्यालाच सापडते. पण ते दुपारी दीडच्या सुमारास आणि मग मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास एखाद्या जागेवरून जातात. चारला भडकून रात्री दहाला विझलेली आग त्यांच्या वहीत येतच नाही. तिला दर दहा मिनिटांनी नजर टाकणारा भूस्थिर उपग्रह पकडतो, जर ती त्याच्या जाड ठिपक्यात उठून दिसण्याइतकी मोठी असेल तर. दोघांपैकी एकावर भागत नाही.

आगीच्या नकाशावरच्या लाल ठिपक्यांबद्दल एक कळकळीचं सांगणं. तो ठिपका पिक्सेलच्या मध्यावर काढलेला असतो. आग त्या ३७५ मीटरमध्ये किंवा किलोमीटरमध्ये कुठेही असू शकते. नकाशा मोठा करत करत ठिपका कुणाच्या तरी छपरावर आलेला बघून लोक घाबरतात किंवा उलट निर्धास्त होतात. दोन्ही चूक. शिवाय तेलविहिरींवर जळणारा वायू, ज्वालामुखी, चमकत्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेलं ऊन, हेही कधीकधी आग म्हणून नोंदलं जातं.

धुळीचा गुलाबी रंग

धुळीची अडचण निराळी आहे. ती गडद समुद्रावर आली की पिवळट-तपकिरी पट्टा म्हणून कुणालाही दिसते. पण ती उठते वाळवंटातून, आणि वाळवंटावर वाळवंटाच्याच रंगाची धूळ शोधायची म्हणजे भिंतीवर त्याच रंगाचा डाग शोधण्यासारखं. जिथे वादळ सुरू होतं, जिथे ते लवकर कळायला हवं, नेमकं तिथेच साधं रंगीत चित्र हात टेकतं.

इथे अवरक्त उपयोगी पडतं. खनिज धूळ ११ मायक्रॉनच्या आसपासच्या लहरी १२ मायक्रॉनच्या लहरींपेक्षा जास्त अडवते. बर्फाचे स्फटिक आणि पाण्याची वाफ याच्या उलट वागतात, ते १२ मायक्रॉनच्या लहरी जास्त अडवतात. म्हणजे दोन चॅनेलमधल्या तापमानांची नुसती वजाबाकी केली, तर धूळ एका चिन्हाची निघते आणि पातळ उंच ढग दुसऱ्या चिन्हाचे. मला ही वजाबाकी पहिल्यांदा कळली तेव्हा विश्वास बसेना की इतक्या साध्या गोष्टीवर इतकं मोठं काम उभं आहे.

युरोपची हवामान उपग्रह संस्था युमेटसॅट हिने मेटिओसॅटच्या चित्रांसाठी यातूनच एक रंगमिश्रण तयार केलं, आणि आज ते जगभर वापरतात. त्याला डस्ट आरजीबी म्हणतात. तांबड्या रंगात १२ आणि १०.८ मायक्रॉनमधला फरक भरायचा, हिरव्यात १०.८ आणि ८.७ मधला, आणि निळ्यात १०.८चं नुसतं तापमान. धूळ आली की तांबडा चढतो, हिरवा उतरतो, आणि धूळ उबदार हवेत असल्यामुळे निळाही चढलेला असतो. तांबडा आणि निळा मिळून भडक गुलाबी. फिकट पार्श्वभूमीवर हा गुलाबी लोट सरकताना बघितला की पुन्हा विसरत नाही. विशेष म्हणजे हे रात्रीही चालतं, कारण यात सूर्याचा काही संबंधच नाही. रात्री जमिनीलगतची धूळ गुलाबीपेक्षा जांभळट होते, आणि जमीन थंड होऊन धुळीच्या तापमानाजवळ आली की खूण फिकी पडते. वर दाट ढग असतील तर मात्र खाली कितीही धूळ असो, काही कळत नाही.

एक जागा आवर्जून बघण्यासारखी आहे: चाड देशातला बोडेले खळगा. हजारो वर्षांपूर्वी इथे प्रचंड सरोवर होतं. ते आटलं आणि तळाशी उरली डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांची पांढुरकी भुकटी. उत्तरेला तिबेस्ती आणि पूर्वेला एनेडी, या दोन डोंगराळ भागांमधून वारा नरसाळ्यातून यावा तसा जोर पकडून येतो आणि बरोबर या खळग्यावर येऊन पडतो. २५० मीटर बारकाव्याच्या चित्रात दिसतं की धूळ सगळ्या खळग्यातून एकदम उठत नाही. आधी कंगव्याच्या दातांसारख्या सुट्या बारीक रेघा निघतात, प्रत्येक रेघ कोरड्या तळाच्या एकेका तुकड्यातून. वाऱ्याच्या दिशेला पुढे गेल्यावर त्या एकमेकींत मिसळून एकच लोट होतो. धुळीचं मूळ शोधणारे लोक म्हणूनच वादळाच्या ऐन भराची चित्रं बाजूला ठेवतात आणि पहिल्या तासाची मागतात.

आफ्रिकेची ही धूळ जाते कुठवर? २००७ ते २०१३ या वर्षांतल्या कॅलिप्सो उपग्रहाच्या मोजणीवरून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दरवर्षी सरासरी १८ कोटी २० लाख टन धूळ आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून समुद्राकडे निघते, आणि त्यातली सुमारे २ कोटी ७७ लाख टन अमेझॉनच्या खोऱ्यावर पडते. तिच्याबरोबर अंदाजे २२ हजार टन फॉस्फरस जातं. पावसाने सतत धुतल्या जाणाऱ्या तिथल्या मातीला ते हवंच असतं. जून २०२०मध्ये तर सहारातून निघालेला दाट लोट अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर पोचला. वाटेतला जवळजवळ प्रत्येक दिवस उपग्रहांनी टिपलेला आहे.

अतिनील आणि एक भलताच साक्षीदार

१९७८ साली निंबस-७ या उपग्रहावर टॉम्स नावाचं उपकरण गेलं, ओझोन मोजायला. नंतर, नव्वदच्या दशकात, शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की ओझोनच्या हिशोबात जी चूक म्हणून येत होती ती मुळात धुराची आणि धुळीची खूण आहे. स्वच्छ हवा अतिनील प्रकाश भरपूर उधळते. तिच्यात काजळी किंवा खनिज धूळ असली की ती हा प्रकाश शोषून घेते, आणि अपेक्षेपेक्षा तो कमी परत येतो. या कमतरतेवरून काढलेल्या आकड्याला अतिनील एरोसोल निर्देशांक म्हणतात; एरोसोल म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण. चकाकणाऱ्या वाळवंटावर आणि चक्क ढगावर असलेला धूरही यात दिसतो, ही याची खरी किंमत. आज हे काम २०१७ साली सोडलेल्या सेंटिनेल-५पी वरचं ट्रोपोमी करतं. ठिपके काही किलोमीटरांचे, चित्र भरड, पण धूर महासागर ओलांडून जात असेल तर मी आधी हेच बघतो.

पण निर्देशांक वाढला म्हणजे धूर की धूळ, हे त्यातून कळत नाही. इथे भलताच साक्षीदार येतो: कार्बन मोनॉक्साइड. जळणातून तो निघतो, वाऱ्याने उडालेल्या मातीतून नाही. ट्रोपोमी तोही मोजतं. निर्देशांक आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही वर, तर धूर. निर्देशांक वर आणि वायू नेहमीइतकाच, तर धूळ.

किती उंचावर

इथपर्यंत आपण सगळं सपाट बघितलं. वरून खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला धूर जमिनीपासून दोनशे मीटरवर आहे की सहा किलोमीटरवर, हे कळत नाही. आणि खाली श्वास घेणाऱ्याला तर तेवढंच कळायला हवं असतं.

टेरावरच्या मिसर या उपकरणाने यावर उपाय काढला तो आपल्या दोन डोळ्यांचा. त्याला नऊ कॅमेरे आहेत, काही पुढे झुकलेले, एक सरळ खाली, काही मागे. सुमारे सात मिनिटांत नऊही कॅमेरे एकाच जागेवरून जातात. धुराचा माथा प्रत्येक कोनातून जमिनीच्या तुलनेत थोडा सरकलेला दिसतो, आणि किती सरकला यावरून उंची निघते. कॅलिप्सोने २००६ ते २०२३ दुसरा मार्ग वापरला. त्याने हिरव्या लेझरची स्पंदनं खाली सोडली आणि प्रतिध्वनीसारखा परत आलेला प्रकाश मोजला. त्यातून हवेचा उभा छेद मिळतो, कुठल्या उंचीवर काय आहे हे दाखवणारा. धुळीचे कण वेडेवाकडे असतात, ते परत येणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लहरींची एकाच दिशेतली कंपनं, बिघडवतात. मुरलेल्या धुराचे कण बरेचसे गोल असतात, ते तितकं बिघडवत नाहीत. म्हणजे उंचीबरोबर ओळखही पटते. अडचण एवढीच की लेझरची वाट शंभरेक मीटर रुंद. त्या वाटेच्या बाजूला काय आहे याची माहिती शून्य. मे २०२४मध्ये गेलेला अर्थकेअर हा उपग्रह आता असंच काम करतो.

उंची किती महत्त्वाची ते ९ सप्टेंबर २०२०ला सॅन फ्रान्सिस्कोने बघितलं. भर दिवसा शहर गडद नारिंगी उजेडात बुडालं, रस्त्यावरचे दिवे दुपारी लागलेले. उपग्रहात धूर प्रचंड. आणि तरी जमिनीवरच्या उपकरणांत हवा त्या मानाने बरीच बरी होती. समुद्रावरून आलेल्या थंड, दमट हवेचा थर खाली बसला होता आणि धूर त्याच्या वर अडकला होता. पुढच्या एक-दोन दिवसांत तो खाली मिसळला आणि हवा खरोखर वाईट झाली. तेव्हा आकाश पहिल्या दिवसाइतकं भयंकर दिसतही नव्हतं. भीती दाखवणारं चित्र आणि घातक हवा यांचा दिवस एकच असेल असं नाही, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलिया. २०१९-२० च्या वणव्यांचा धूर नव्या वर्षाच्या सुमारास थेट स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या थराच्या वरच्या थरात, शिरला. काजळी उन्हाने तापली, तिने भोवतालची हवा तापवली आणि धुराचा एक मोठा भोवरा काही आठवड्यांत ३५ किलोमीटरच्या उंचीपर्यंत चढला. खाली कुणाच्याही नाकात तो गेला नाही.

चित्रातून आकडा काढताना हेच आडवं येतं. उपग्रह मोजतो ती प्रकाशीय जाडी, म्हणजे जमिनीपासून आकाशापर्यंतच्या संपूर्ण स्तंभात मिळून प्रकाश किती अडला. जाडी १ असेल तर सरळ येणाऱ्या उन्हातलं ३७ टक्केच खाली पोचतं, २ असेल तर साडेतेरा. आकडा चोख आहे, पण तो स्तंभाचा आहे, त्यातल्या तळाच्या दोन मीटरचा नव्हे. म्हणून 'उपग्रहाने आज अमुक ठिकाणची हवा विषारी दाखवली' अशी बातमी वाचली की मी आधी तिथलं जमिनीवरचं सूक्ष्मकणांचं मापन शोधतो. श्वासाचा निर्णय घ्यायचा असेल तर तेच बघायचं. चित्राचा उपयोग, ते प्रदूषण कुठून आलं आणि आणखी मागून किती येतंय, हे कळायला.

माणसाचा डोळा अजून लागतो

इतकी उपकरणं असूनही अमेरिकेच्या नोआ या संस्थेत प्रशिक्षित विश्लेषक रोज फिरती चित्रं बघून धुराच्या कडा हाताने आखतात आणि विरळ, मध्यम, दाट अशी वर्गवारी करतात. संगणक आगीचे ठिपके पटापट शोधतो, पण पातळ धूर कुठे संपला आणि उंच पातळ ढग कुठे सुरू झाला, हे ठरवायला अनुभवी डोळाच लागतो. मला यात काही मागासलेपण वाटत नाही. रेशमी पोत, हालचालीची लय, काल धूर कुठे होता, हे सगळं एकत्र धरून निर्णय घेणं ही खरी कसबाची गोष्ट आहे.

पुढचा अंदाज मात्र संगणकी प्रारूपंच देतात. आगीतून बाहेर पडणारी उष्णतेची किरणं उपग्रहाने मोजायची, त्यावरून किती जळतंय आणि किती धूर निघतोय हे काढायचं, मग हवामानाच्या प्रारूपातल्या वाऱ्याच्या हाती तो सोपवायचा. धूर किती उंच चढेल हा अंदाज चुकला की पुढचं सगळं चुकतं, कारण एक किलोमीटरवरचा वारा आणि चार किलोमीटरवरचा वारा बऱ्याचदा वेगळ्या दिशांना जातात.

रात्र ही धुराच्या मागावरची सगळ्यात मोठी पोकळी. दिसणारा प्रकाश गेला, अवरक्तात धूर पारदर्शक. चांदणं चांगलं असेल तर व्हिअर्सच्या अतिसंवेदनशील रात्र-चॅनेलमध्ये त्याची फिकट छटा सापडते, नाहीतर तीही नाही. आगीचा लाल ठिपका रात्रभर तेवत असतो, पण त्याचा धूर कुठे निघाला हे फक्त प्रारूप सांगतं, अंदाजाने. मग पहाट होते. ऊन अगदी तिरपं असतं, कण उजेडात चमकतात आणि पश्चिमेकडच्या उपग्रहाच्या पहिल्या दोन-तीन चित्रांत रात्रभर सरकलेला सगळा लोट एकदम उभा राहतो. माझ्यासारखे काहीजण त्यासाठी लवकर उठतात. एका बाजूला प्रारूपाचा नकाशा उघडलेला असतो, दुसऱ्या बाजूला चित्र हळूहळू उजळत असतं, आणि लोटाचं टोक नकाशाच्या किती पुढे गेलंय ते बोटाने मोजायचं असतं.